मोडलेल्या हाडाला पाच लाख, न्हाणीतल्या दांड्याला काहीच नाही

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, कोयते, तान्ही लेकरं आणि त्या सगळ्यावर बसलेली तरणी माणसं. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखान्याच्या आसपास कोपी घालून ती पाच-सहा महिने राहतात. गावात मागे उरतात शाळेत जाणारी नातवंडं आणि त्यांच्यासाठी ठेवलेले आजी-आजोबा. सत्तरीतली आजी पहाटे उठून चूल पेटवते, शेळीला चारा टाकते, नळाला पाणी आलं की हंडे-कळशा भरते, पोरांना शाळेला लावते. लातूर, परभणी, हिंगोली, नांदेडकडे कारण वेगळं, पण घराची अवस्था तीच. मुलगा चाकणच्या कंपनीत, सून-नातवंडं तिकडेच, आणि इथं चार खणांच्या घरात दोन म्हातारी माणसं. काही वर्षांनी एकच.

अशा घरात म्हातारं माणूस पडलं की हाक ऐकायला कोणी नसतं. पोरं शाळेत, शेजारी शेतात. पडलेल्या माणसाला स्वतःहून उठता आलं नाही आणि ते तास-दोन तास फरशीवर तसंच राहिलं, तर मार नुसत्या हाडाचा राहत नाही. अंगातलं पाणी कमी होतं, दाबाखाली आलेले स्नायू आणि कातडी खराब होते, हिवाळ्याची पहाट असेल तर अंग गार पडतं. पुढे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्यूमोनिया गाठतो. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातलं एक माणूस वर्षभरात दगावतं, असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात, आणि हे हिशेब बहुतेक करून चांगली इस्पितळं असलेल्या देशांतले आहेत. जी जगतात, त्यातल्या बऱ्याच जणांना पूर्वीसारखं चालता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे मरतात. त्यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक बळी साठीच्या पुढचे असतात. आपल्याकडे मात्र दहाव्याला जमलेली माणसं म्हणतात, वय झालं होतं, पडायचं निमित्त झालं.

याच आजीचा खुबा मोडल्यावर काय होतं तेही पाहा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हाडांच्या शस्त्रक्रिया होतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळालं आहे. हे चांगलंच झालं, त्यातला एक रुपयाही कमी करावा असं मी म्हणणार नाही. पण हाड मोडायच्या आदल्या दिवशी तिला न्हाणीच्या भिंतीला धरायला एक दांडा हवा होता, संडासाच्या पायरीला कठडा हवा होता आणि तिथवर जायच्या वाटेवर एक दिवा. त्यासाठी तिनं कुणाच्या दारात जावं, हे गावात कोणालाच सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की म्हातारपणी घरात पडणं हा सार्वजनिक प्रश्न मानावा आणि त्याचा बंदोबस्त घरकुल, शौचालय, आशाताईंची घरभेट या आधीच चालू असलेल्या कामांतच करावा. नवं खातं नको, नवं महामंडळ तर नकोच.

आधी घराकडे बघू, कारण मराठवाड्यातलं घर गेल्या तीस-चाळीस वर्षांत फार बदललं आणि त्या बदलात म्हाताऱ्या पायांचा विचार कुठेच झाला नाही. जुन्या माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताच्या घरात धोके नव्हते असं मुळीच नाही. गुडघ्याएवढे उंबरे होते, माळवदावर चढायचा दादरा उभाच्या उभा होता, आत दिवसाही अंधार असायचा. पण पायाखाली शेणानं सारवलेली जमीन होती, फार तर खडबडीत शहाबादी फरशी होती. तिच्यावर पाणी सांडलं तरी पाऊल धरून राहायचं. आता चार पैसे आले की आधी टाइल्स बसतात, त्याही चकचकीत, कारण दुकानात त्याच स्वस्त असतात आणि फोटोत त्याच शोभून दिसतात. ओसरीपासून न्हाणीपर्यंत तीच टाइल. तिच्यावर पाण्याचे चार थेंब, त्यात साबणाचा फेस, आणि पायात झिजून तळ गुळगुळीत झालेली रबरी चप्पल. तरणं माणूसही तिथं तोल सावरत चालतं.

आणि पाणी तर आपल्या घरात सगळीकडे असतं, कारण नळाला ते रोज येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं. देशानं जे पाहिलं नाही ते आमच्या घरांच्या बोळांत वर्षाचे बारा महिने असतं. प्लास्टिकचे निळे ड्रम, स्टीलच्या टाक्या, घागरींची उतरंड, बादल्या, आणि नळ सुटला की एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओढणारी वाटेत आडवी पडलेली नळी. पाच-सात दिवसांनी येणारं पाणी भरून ठेवावंच लागतं. ते येतं कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला. त्या वेळी अर्ध्या झोपेत उठून, ओल्या फरशीवर, नऊवारीचा ओचा सावरत, भरलेली कळशी कमरेवर घेणारी बाई घरातली सगळ्यात थोरलीच असते. पाणीपुरवठ्याच्या वेळेचा आणि म्हाताऱ्यांच्या हाडांचा असा थेट संबंध आहे. नगरपालिकेनं नळाची वेळ निदान उजेडाची ठेवली आणि आधी कळवली, तर काही खुबे वाचतील. टंचाईच्या बैठकीत हा मुद्दा कोणी काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

न्हाणी आणि संडास ही सगळ्यात धोक्याची जागा. स्वच्छ भारत अभियानात २०१४ नंतर घरोघर शौचालयं झाली, प्रत्येकी १२ हजार रुपये अनुदान मिळालं. आयाबायांची अंधारात गावाबाहेर जायची लाजिरवाणी पायपीट थांबली, हा फार मोठा बदल आहे आणि मी त्याची किंमत जाणतो. पण ही शौचालयं बांधली कशी ते पाहा. बहुतेक ठिकाणी घरापासून दहा-पंधरा पावलं दूर, अंगणाच्या कडेला. खाली काळी माती, म्हणून चौथरा उंच. चौथऱ्यावर चढायला दोन-तीन पायऱ्या, कमी-जास्त उंचीच्या, कठडा नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून त्या पायऱ्या चार वर्षांत खचतात नाहीतर हलायला लागतात. आत बसायचं उकिडवं. गुडघे गेलेल्या माणसाला बसणं जमतं एक वेळ, पण उठताना धरायला काहीच नसतं. मग ते दाराच्या कडीला धरतं किंवा भरलेल्या बादलीच्या कडेवर हात टेकतं. बादली उलटते आणि माणूस तिच्यासोबत जातं. रात्री लघवीला तीन-तीनदा उठावं लागणाऱ्या म्हाताऱ्याला हा प्रवास अंधारात करावा लागतो, त्यात लाइट गेलेली असली तर विचारूच नका.

इथं धरायला हवा तो एक लोखंडी किंवा स्टीलचा दांडा. मुठीत नीट मावेल एवढ्या जाडीचा, म्हणजे साधारण दीड इंची, भिंतीत पक्का बसवलेला, माणसाचा सगळा भार पेलणारा. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात काहीशे रुपयांत होतो. पायरीला कठडा म्हणून पाइप, पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा, बाहेर एक एलईडी दिवा आणि टाइल बसवायचीच तर वरून खडबडीत असलेली. एवढ्यावर निम्मं काम होतं. उंबऱ्याचंही तसंच. पूजेपुरता उंबरा ठेवावा, त्याला मी हात लावा म्हणत नाही, पण त्याची उंची बोटभर असली तरी लक्ष्मीला चालेल.

आता यावर हमखास येणारा आक्षेप असा की घर ज्याचं त्याचं, सरकार काय लोकांच्या न्हाणीत येणार का? हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण माणसाच्या घराला मान असतो. पण सरकार आपल्या घरात कधीच येऊन पोहोचलं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, त्याबरोबर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. घर किमान २५ चौरस मीटरचं हवं असा नियम आहे. पाया, भिंती, छत अशा प्रत्येक टप्प्यावर माणूस येऊन मोबाइलवर फोटो काढतो आणि तो फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही. खिडकी आहे का, छत पक्कं आहे का हे पाहणारा माणूस पायरीला कठडा आहे का हेही पाहू शकतो. २०२४ ते २०२९ या काळात देशात आणखी २ कोटी ग्रामीण घरं बांधायचं केंद्रानं ठरवलं आहे. त्यातली लाखो घरं महाराष्ट्रात होतील. ती आज बिनकठड्याची झाली, तर पुढची तीस वर्षं तशीच राहतील.

आणि या बाबतीत मराठवाड्यानं इतरांकडून शिकायची गरजही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि जी माणसं गेली, ती बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या वजनाखाली गेली. त्यानंतर ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, ते सगळ्यांना आठवतं. त्याहून मोठं काम कमी आठवलं जातं. ज्या गावांत घरं उभी होती पण कच्ची होती, तिथं लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण लोकांनी स्वतः उभं राहून केलं. अनुदान टप्प्याटप्प्यानं आलं, कनिष्ठ अभियंत्यानं काम पाहिल्यावर पुढचा हप्ता मिळाला, गवंड्यांना भिंतीत काँक्रीटचा पट्टा कसा घालायचा ते शिकवलं गेलं, आणि गावोगावच्या बायकांनी ही माहिती घरोघर नेली. घर जीव घेऊ शकतं आणि बांधायची पद्धत बदलली तर जीव वाचतो, हे लातूर-धाराशिवच्या त्या पिढीला कोणी सांगावं लागत नाही. तेव्हा एका पहाटेत हजारो माणसं गेली म्हणून राज्य हललं. पडून जाणारी माणसं एकेक करून, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रात्री जातात, त्यामुळे त्यांची बेरीज कोणासमोर येत नाही.

ती बेरीज मांडायची तर सुरुवात एका प्रश्नानं करावी लागेल. आशाताई आज घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा रक्तदाब, साखर, तंबाखूची सवय असं बरंच काही लिहून घेतात. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच फार आहे आणि मानधन वेळेवर मिळत नाही म्हणून त्यांना आंदोलनं करावी लागतात. त्यांच्या माथी आणखी एक वही मारा असं मी म्हणणार नाही. साठीच्या पुढच्या माणसाला फक्त एवढं विचारायचं, आजी, वर्षभरात कुठं पडलात का? हो म्हणाल्या, तर त्यांचं नाव समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या यादीत जायचं आणि त्या कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना द्यायचा.

हा प्रश्न महत्त्वाचा का, तर एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडायची शक्यता इतरांहून बरीच जास्त असते. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेनं घरातले धोके कमी करण्याबद्दलच्या जगभरातल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. आधी पडलेल्या, किंवा रोजच्या कामाला आधार लागणाऱ्या माणसांच्या घरी हे बदल केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी घटलं. ज्यांना तसा धोका नव्हता त्यांच्या घरी केलेल्या बदलांचा फायदा दिसला नाही. म्हणजे जुन्या घरांपैकी सरसकट सगळ्यांना दांडे वाटत सुटायचं कारण नाही, पैसाही तेवढा लागत नाही. आशाताईंच्या यादीतलं घर आधी घ्यायचं. नवीन बांधकामात मात्र दांडा आणि कठडा सगळ्यांनाच असावा, कारण बांधतानाच तो बसवला तर खर्च नगण्य आणि तिथं राहणारं माणूस आज ना उद्या म्हातारं होणारच.

पण आजी खरं सांगतील का? इथं घोडं अडतं. म्हातारी माणसं पडणं लपवतात. हातावरचा काळा-निळा डाग पदराखाली जातो, लंगडणं गुडघ्यावर ढकललं जातं. कारण पडल्याचं कळलं की घरचे पहिलं वाक्य म्हणतात, कशाला उठलात मग? दुसरं म्हणतात, आता एका जागी बसून राहा. शेतावर जाणं बंद, देवळात जाणं बंद, बाजारचा दिवस बंद. ज्या माणसानं जन्मभर आपल्या पायांवर सगळं केलं, त्याला हे पडण्यापेक्षा जास्त लागतं. म्हणून ते गप्प बसतं. मुलांना, सुनांना मला इथं हात जोडून सांगावंसं वाटतं की तुमचा हेतू मायेचाच असतो, पण बसवून ठेवणं हा पडण्यावरचा उपाय नाही. बसून राहिलेल्या माणसाच्या मांड्या महिन्या-दोन महिन्यांत बारीक होतात, तोल आणखी जातो, मनात भीती बसते, आणि पुढच्या वेळी ते बाजेवरून उठतानाच पडतं.

उलटंच करायला हवं. २०१९ मध्ये कॉक्रेननंच शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. व्यायामामुळे घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. व्यायाम म्हणजे नुसतं चालणं मात्र नव्हे. तोल सांभाळायला लावणारा आणि मांड्या-पोटऱ्यांना जोर देणारा व्यायाम लागतो. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं, आधी भिंतीला हात लावून, मग बोटभर लावून, मग न लावता, पण जवळ कोणीतरी असताना. चीनमधल्या ताई ची या संथ व्यायामप्रकाराचा उपयोग याच कामासाठी सिद्ध झाला आहे. त्यात काय असतं, तर शरीराचं वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणं, वळणं, थांबणं. आपल्याकडे हरिनाम सप्ताहात टाळ घेऊन पावली खेळतात, त्यात याहून वेगळं काय असतं? दोन पावलं पुढं, एक मागं, गुडघ्यात किंचित वाक, वळण, पुन्हा लय. पैठण-आळंदीच्या वाटेवर सत्तरीतल्या माळकऱ्यांची पावलं पडताना पाहिलीत तर तोल म्हणजे काय ते कळतं. सप्ताह वर्षातून एकदा होतो. गावच्या भजनी मंडळानं आठवड्यातून तीन संध्याकाळी अर्धा तास पावली घेतली, बायका आणि पुरुष दोघांनीही, तर त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. ज्यांचा तोल फार गेलेला आहे त्यांनी कडेला खुर्ची धरून करावी. गुडघेदुखीची तक्रार असेल तर आरोग्य केंद्रात विचारून करावी.

याच्या जोडीला आमच्याकडची एक समजूत सोडावी लागेल. अशक्तपणा वाटला की तालुक्याला जाऊन ताकदीचं सलाईन लावून यायची पद्धत आहे. सलाईनच्या बाटलीत मीठपाणी आणि साखर असते, तिनं मांडीत जोर येत नाही. जोर येतो वापरानं आणि खाण्यानं. दात गेले म्हणून भाकरी नुसती चहात नाहीतर वरणाच्या पाण्यात कुस्करून खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या ताटात डाळ, दूध, अंडं, शेंगदाण्याचं कूट आलं पाहिजे.

औषधांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण याचा विचार घरात कोणी करत नाही आणि दवाखान्यातही गर्दीत राहून जातो. रक्तदाबाची गोळी, लघवी जास्त करणारी गोळी, प्रोस्टेटची गोळी, झोपेची गोळी, या प्रत्येकीनं म्हाताऱ्या माणसाला उठताना भोवळ येऊ शकते. झोपलेल्याचा रक्तदाब ठीक असतो, उभं राहिल्यावर तो एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतं. हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांनी गोळ्यांचा फेरविचार करायचा. रक्तदाब मोजायचं यंत्र आता प्रत्येक उपकेंद्रात असतं. पण आपल्याकडे तो फक्त बसवूनच मोजतात. साखरेच्या गोळ्या घेऊन जेवायला उशीर करणारी आजी अशीच पडते. उपवासाच्या दिवशी तर हमखास. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊ दिवस गोळ्या तशाच चालू ठेवून करणाऱ्या कितीतरी बाया आहेत. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत, ते जास्त धोक्याचं. गोळ्यांची पिशवी उचलून डॉक्टरांसमोर ठेवावी आणि विचारावं, यातली कोणती चक्कर आणते?

डोळ्यांचंही असंच. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सत्तरीपुढच्या बायकांच्या पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू लांबणीवर न टाकता लवकर काढला, तर पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं घटलं. आपल्याकडे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी इस्पितळांत मोफत होते, जालन्याच्या गणपती नेत्रालयासारख्या संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. तरी म्हातारी माणसं थांबतात. मोतीबिंदू पिकू द्या म्हणतात, सुगी होऊ द्या, पोरं ऊसतोडीहून येऊ द्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज आजच्या शस्त्रक्रियेत राहिलेली नाही.

काठीबद्दल एकच. काठी ही कमीपणाची खूण नाही, पण चुकीच्या उंचीची काठी पाडते. सरळ उभं राहून हात खाली सोडला तर मनगटाची रेघ जिथं येते, तिथं काठीची मूठ यायला हवी. ज्या पायात दुखतं त्याच्या विरुद्ध हातात ती धरायची. खालचं रबरी बूच झिजलं की बदलायचं. बाभळीची काठी चांगली, पण तिलाही बूच हवंच.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांपुढच्या, २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला एकदाच ३ हजार रुपये बँकेत मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी. विचार चांगला आहे. पण यादीतल्या वस्तू अंगावर घालायच्या, हातात धरायच्या नाहीतर बसायच्या. घरात बसवायच्या दांड्यासाठी, कठड्यासाठी, खडबडीत फरशीसाठी हा पैसा चालेल असं शासनानं एका परिपत्रकानं जाहीर करावं. एका ओळीचं काम आहे. ग्रामपंचायतीनंही मागे राहू नये. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचं बंधन तिच्यावर आहे, आणि पडून अधू झालेलं, प्रमाणपत्र मिळालेलं म्हातारं माणूस त्या निधीचं हक्कदार असतं. त्याच्या घरात दांडा बसवायला हरकत कोणाची?

पडलेल्या माणसाच्या बाबतीत घरच्यांनी लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी इथं सांगून टाकतो, कारण त्या वेळेला लेख शोधायला कोणी बसत नाही. पडल्यावर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळलेला असेल, मांडीच्या सांध्यात कळ असेल, तर त्याला उभं करून पाहू नका. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन लेप लावू नका. १०८ बोलवा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी असं शास्त्र सांगतं, आणि आपल्याकडे कित्येकदा पहिला आठवडा लेपात आणि मुलगा पुण्याहून यायची वाट पाहण्यात जातो.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, त्यात आयुष्यभराची बाळंतपणं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं. म्हणून पडलेल्या पुरुषापेक्षा पडलेल्या बाईचं हाड जास्त वेळा मोडतं. आणि मोडलं की तिचं करणार कोण, हा प्रश्न निघतो. जन्मभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न निघावा, याचं मला फार वाईट वाटतं. निराधार योजनेच्या महिना दीड हजारांवर एकटी राहणारी विधवा म्हातारी प्रत्येक गावात आहे. आशाताईंच्या यादीत तिचं नाव पहिलं हवं, पडलेली असो वा नसो.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून जास्त होती, आज ती त्याहून बरीच वाढली आहेत. मराठवाड्यात तरणी माणसं बाहेर जाणं थांबणार नाही, पाऊस भरवशाचा होईपर्यंत तरी नाही. घरात म्हातारी एकटी राहणार, हे धरूनच चालावं लागेल.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते. २६ जानेवारीच्या सभेला ऊसतोडीची माणसं गावात नसतात, तेव्हा बोलायला म्हाताऱ्यांनीच उठायला हवं. मागणी दोनच ठरावांची आहे. गावात यापुढे होणाऱ्या प्रत्येक घरकुलाच्या आणि शौचालयाच्या शेवटच्या फोटोत भिंतीतला दांडा आणि पायरीचा कठडा दिसलाच पाहिजे, तो नसेल तर सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करू नये. आणि गेल्या वर्षभरात जी माणसं पडली त्यांची यादी वाचून त्यांच्या घरचं काम त्याच महिन्यात गावातल्या वेल्डरला द्यावं.